चार ओहम

ताश-केचू गावात हिवाळ्यात वीज आणि अक्कल एकाच वेळी कमी होते, असं कलिपाचं मत होतं. उन्हाळ्यात वीज तरी भरपूर असते. कलिपाने गावच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगखोलीची मदतनीस म्हणून काम केलं होतं, आणि आपण सोडून या गावात कुणाला काही कळत नाही हे तिला निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी उणे तिसावर गेली आणि खालच्या आळीतले दिवे पिवळे पडले. खालच्या आळीत बेचाळीस घरं, आणि बेचाळीस घरांना एक जुना ट्रान्सफॉर्मर. घराघरात बोकड पेटलेले. दुकानातल्या हीटरला इथे कुणी विचारत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा हातभर नळा घ्यायचा, त्यावर नायक्रोमच्या तारेची कॉइल गुंडाळायची, खाली सळईचे चार पाय जोडायचे, की झाला बोकड. बापाने केलेला बोकड मुलगा वापरतो. इतर घरांत वीज कमी झाली की लोक दिव्याकडे बघून उसासे टाकत. कलिपाच्या भिंतीवर मात्र व्होल्टमीटर होता आणि ती दर दोन तासांनी काटा वाचून वहीत लिहीत असे. त्या आठवड्यात काटा एकशे छप्पन्नवर होता. असायला हवे होते दोनशे वीस.

अशात एके सकाळी पीठ आणायला गेलेल्या कलिपाला दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. खाली गावप्रमुख दोरोनबेकची सही आणि हा एवढा गोल शिक्का.

'हुकूम क्रमांक सात. ट्रान्सफॉर्मरवरचा भार कमी करण्यासाठी खालच्या आळीतील प्रत्येक घराने आपल्या बोकडाची तार कापून अर्धी करावी. अर्धी तार, अर्धी वीज.'

कलिपाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ती तिथेच एकटी हसायला लागली.

"काय झालं, एजे?" दुकानदारीण आतून म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला इथे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"अगं, हे कुणी लिहिलं? दोरोनने स्वतः, की त्याच्या घोड्याने?"

"हसू नका. आम्ही कालच कापली. एवढी लालबुंद पेटते आता! अर्ध्या विजेत दुप्पट ऊब. माझा नवरा म्हणतो, विजेला अंतर कमी पडतं, म्हणून ती दमत नाही."

"दमत नाही होय! आणि तुझा नवरा दमतो का विचार करून?"

दुकानदारीण फुरंगटली आणि तिने पीठ जरा कमीच तोललं. कलिपाने ते पाहिलं, पण आज तिला त्याहून मोठ्या मूर्खपणाची मौज घ्यायची होती. तार अर्धी केली की तिचा रोधही अर्धा होतो, आणि रोध अर्धा झाला की विजेचा प्रवाह दुपटीने वाहतो. सातवीच्या पोराला कळायला हवं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचवायला निघालेला हा उंटावरचा शहाणा त्याच्या मानेवर दुसरं ओझं चढवत होता, आणि तेही शिक्का मारून.

घरी पोचेपर्यंत मात्र तिचं हसू ओसरलं. आतल्या खोलीत सून बेर्मेत बाळंतीण होती. मुलगी दिवस भरण्याच्या तीन आठवडे आधी जन्मली होती, आज तिला एकोणीस दिवस झाले होते. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासताना बजावलं होतं, खोली वीस अंशांच्या खाली जाता कामा नये आणि धूर अजिबात नको. शरद ऋतूतल्या भूकंपाच्या धक्क्याने कलिपाच्या कोळशाच्या चुलीचं धुराडं तडकलं होतं, आणि गोठलेल्या थंडीत मातीचा गिलावा धरत नाही. वसंतापर्यंत चूल बंद. जन्मानंतरच्या चाळीस दिवसांची चाळिशी पुरी होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हेही ठरलेलं. मुलगा नोवोसिबिर्स्कमध्ये बांधकामावर. तेव्हा त्या पोरीचा सगळा हिवाळा कलिपाच्या चोवीस ओहमच्या बोकडावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरचा काटा एकशे चाळीसवर आला. तिसऱ्या दिवशी एकशे वीस.

"अपा, खोली सोळावर आलीय," बेर्मेत सासूला म्हणाली. तिने पोरीला झग्याच्या आत छातीशी धरलं होतं.

त्याच दुपारी दोरोनबेक आला. चव्वेचाळीस वर्षांचा, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, पोट टोपीपेक्षा श्रीमंत. बरोबर वायरमन ओमुराली पक्कड घेऊन, आणि ओमुरालीच्या खांद्यावर पोतं. कापलेल्या तारा कुणी गुपचूप परत जोडू नयेत म्हणून दोरोनबेक त्या पोत्यात भरून कचेरीच्या लोखंडी कपाटात ठेवत होता आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

"एजे, चाळीस घरांनी हुकूम पाळला. एकेचाळिसावं माझं, मी तर सगळ्यांच्या आधी कापली. राहिलात तुम्ही."

"मी राहणारच. मला मोजता येतं."

दोरोनबेक बोकडासमोर उकिडवा बसला आणि कॉइल बघून त्याने जिभेने चक् केलं. "बघ ओमुराली, केवढी लांब तार. सगळ्या आळीत सर्वांत लांब. म्हणूनच दिवे मंद. आम्ही अर्धपोटी, आणि एजे दुप्पट खातात."

"अरे शहाण्या, लांब तार कमी खाते! कापण्याआधी काटा एकशे छप्पन्नवर होता, आता एकशे वीसवर. कापल्यावर वीज उरायला हवी होती ना? मग गेली कुठे?"

"तुमच्याकडे," दोरोनबेक शांतपणे म्हणाला. "न कापलेलं घर एकच आहे."

कलिपाने भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवलं. ओमुराली खाली मान घालून बुटावरचं बर्फ खरवडत होता. आतून बाळ बारीक आवाजात रडलं.

"आत लहान लेकरू आहे म्हणून मी पक्कड लावत नाही," दोरोनबेक उठत म्हणाला. "उद्या दुपारी आळीच्या क्लबात हे अक्साकाल पंचांपुढे ठेवतो. त्यांनी सांगितलं तर ओमुराली खांबावर चढून तुमची तार सोडवेल."

"ठेव की! मीही मोजायचं यंत्र घेऊन येते. सगळ्या गावापुढे तुझी अर्धी अक्कल मोजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली. प्रयोगखोलीच्या कपाटाची किल्ली अजून तिच्याच गळ्यात असे. नव्या मदतनिसाला ती द्यायचं दरवर्षी राहून जायचं. कपाटात खालच्या खणात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, तिची दोन लाडकी यंत्रं होती. शेवटच्या बाकावरूनही दिसावी एवढ्या तबकडीचा व्होल्टमीटर आणि त्याचा जोडीदार अँपिअरमीटर. राजधानीहून, म्हणजे तेव्हाच्या फ्रुंझेहून आलेली. काचेवर ओरखडा नाही, पितळेचे स्क्रू अजून पिवळेधमक. "आताच्या वस्तू टिकतात का अशा?" असं ती स्वतःशीच म्हणाली आणि यंत्रं घसरगाडीवर बांधून घरी आली. बेर्मेतला पोरीसकट गोधड्यांत बसवून तिने तासाभरापुरता बोकडही गाडीवर घेतला आणि ओढत क्लबात गेली.

क्लबात सगळी आळी जमली होती. पुढच्या रांगेत तीन अक्साकाल, मधोमध मुकाश, वय ब्याऐंशी, डोक्यावर कल्पाक टोपी, पायांत लोकरी नमद्याचे बूट. ऐकू कमी येतं असं तो सांगत असे, पण त्याच्याविषयी हळू बोललेलं त्याला कधी चुकलं नव्हतं.

दोरोनबेकने हुकूम वाचला आणि कलिपाने तो मोडल्याचं सांगितलं. मग कलिपा उठली. एकतीस वर्षं ती दुसऱ्याच्या तासाला आकडे फळ्यावर लिहून मागे उभी राहिली होती. आज फळ्यापुढची जागा तिची होती आणि तिला ती फार आवडली.

"ओमुराली, माझा बोकड जोड. हं. आता सगळ्यांनी बघा. हा काटा व्होल्ट दाखवतो. किती?"

"एकशे वीस," पहिल्या रांगेतून कुणी म्हणालं.

"आणि हा अँपिअर. किती?"

"पाच."

"एकशे वीस भागिले पाच, चोवीस. हा झाला माझ्या तारेचा रोध, चोवीस ओहम. आणि एकशे वीस गुणिले पाच, सहाशे वॅट. माझा बोकड खातो सहाशे. आता गावप्रमुखांचा कापलेला बोकड जोड."

दोरोनबेकचा बोकड कचेरीतून आणवला होता. जोडताच तो लाल झाला आणि अँपिअरमीटरचा काटा सरसर दहावर जाऊन थांबला.

"दहा!" कलिपा जवळजवळ ओरडली. "एकशे वीस भागिले दहा, बारा ओहम. एकशे वीस गुणिले दहा, बाराशे वॅट! दुप्पट कोण खातं, मी की तो? कापण्याआधी एकेक घर साडेसहा अँपिअर ओढत होतं, आता दहा ओढतं. ट्रान्सफॉर्मरवरचा भार दीडपट झाला, आणि तुम्हांला मिळालं काय? पूर्वी हजार वॅट होते, आता बाराशे. दोन दिव्यांपुरत्या उबेसाठी सगळी आळी जाळायला निघालात, आणि वर त्याला बचत म्हणता!"

 कलिपाने कमरेवर हात ठेवले. पण दोरोनबेक उठला तो हसतच.

"एजे, काटा जास्त गेला, कारण माझा बोकड जास्त जोरदार आहे. अर्धी तार, दुप्पट जोर. मी वेगळं काय म्हणत होतो?"

लोक माना डोलवायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते कलिपाला डोळ्यांनी दिसत होतं.

"अरे, रोध बारा झालाय तुझा! रोध!"

"तेच मला विचारायचंय." दोरोनबेकने भुवया वर केल्या, आणि त्या चेहऱ्यात तिला एकदम तिसऱ्या बाकावरचा पोरगा दिसला. "रोध चार असतो ना, एजे?"

"काय?"

"चार. आमच्या वहीत होता तो. दोन व्होल्ट, अर्धा अँपिअर, चार ओहम. तुम्हीच फळ्यावर लिहायचात."

"हो, हो!" मागून एक बाई म्हणाली. "आमच्याही वहीत चारच होता."

"माझ्याही."

"माझ्या मोठ्या भावाच्याही चार, आणि धाकट्याच्याही."

"रोध किती?" दोरोनबेकने हात वर करून सभेला विचारलं.

"चार!" सगळी आळी एका सुरात म्हणाली आणि हसत सुटली. पन्नाशीचे मेंढपाळ, कालपरवा शाळा सोडलेल्या पोरी, दुकानदारीण, सगळे. ओमुरालीसुद्धा. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी धडा कुणी विसरलं नव्हतं.

"मग आज चोवीस आणि बारा कुठून काढलेत?" दोरोनबेक म्हणाला. "तेव्हा खडू तुमच्या हातात होता, तुम्ही ठरवायचात. आज शिक्का माझ्या हातात आहे."

 मुकाश अक्साकालने काठी पुढे करून अँपिअरमीटरच्या काचेवर टकटक केली.

"कलिपा, पोरी, ही पेटी मी ओळखतो. फ्रुंझेहून आली तेव्हा माझ्याच ट्रकमधून आली. माझी सहा मुलं तुझ्या खोलीत शिकली. एकालाही हा काटा हललेला दिसला नाही. आज तुझ्या घरात थंडी शिरली, तेव्हा बरी बाहेर आली ती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर कलिपाला बरं वाटलं असतं.

अक्साकालांनी आपसांत कुजबुज केली आणि मुकाशने निकाल दिला. चाळिशी न झालेल्या घराची तार सोडवायची नाही, तसं पाप आळीच्या माथी नको. चाळिसाव्या दिवसानंतर गावप्रमुखाने काय ते करावं. तोवर कुणी कुणाचं काही कापू नये, आणि हुकूम मात्र हुकूमच.

थोडक्यात तार राहिली, पण तारेतून येणार काय तर एकशे वीस. घसरगाडी ओढत घरी जाताना कलिपा आधी दोरोनबेकला शिव्या देत होती, मग मुकाशला, मग सगळ्या आळीला. पुलापाशी शिव्या संपल्या. ती थांबली आणि तिने फ्लॅनेलचा कोपरा उचलून यंत्राकडे पाहिलं. एवढं नवंकोरं कसं राहिलं ते? कुणाला हात लावू दिला नाही म्हणून. 'फुटलं तर जबाबदारी तुमची,' असं मुख्याध्यापक पहिल्या दिवशी म्हणाले आणि तिने कपाटाला कुलूप लावलं. आकडे फळ्यावर लिहायचे, पोरांनी उतरवायचे. सगळ्या वह्या सारख्या, म्हणून तपासनीस खूश. एकतीस वर्षं ती ज्यांना ढ म्हणून हसत आली, ते सगळे तिच्याच कपाटासमोर बसून ढ राहिले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरात खोली चौदावर होती. बेर्मेतने दोन गोधड्या आणि मेंढीचं कातडं अंगावर घेतलं होतं. पोरीचे ओठ कडेला निळसर दिसत होते.

"अपा, आपणही कापूया ना," बेर्मेत म्हणाली. "सगळ्यांची खोली आपल्यापेक्षा गरम आहे."

पक्कड खणात होती. आत्ता कापली तर सहाशेचे बाराशे होतील, हे कलिपाला सगळ्या गावात सर्वांत चांगलं कळत होतं. तिने पक्कड हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात दार वाजलं आणि ओमुराली आत आला, टोपी हातात धरून.

"एजे, तिथे हसलो, राग धरू नका. ट्रान्सफॉर्मर बघून आलो. चोहीकडे गुडघाभर बर्फ आहे, आणि त्याच्या झाकणावर कण नाही. तेलाचा वास येतोय. फार तर आठवडा काढेल. वरच्या गावात गेल्या वर्षी जळला तेव्हा नवा यायला तेवीस दिवस लागले होते."

"आणखी एकाने कापली तर?"

"आणखी एक दहा अँपिअर मागेल," ओमुराली म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा स्वतःचाच चेहरा बदलला. सभेतली एक गोष्ट कुठेतरी शिरली होती म्हणायची.

कलिपाने पक्कड परत खणात ठेवली. "बेर्मेत, तू पोरीला घट्ट धर. मी चिंध्या मागायला जाते."

चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस घरच्या चिंध्यांचा सदरा घालतात. चिंधी मागायला आलेल्या आजीला कुणी नाही म्हणत नाही आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. एरवी कलिपा शेवटच्या आठवड्यात निघाली असती, आणि निम्म्या घरांत नाक मुरडून. आता ती त्याच संध्याकाळच्या आत निघाली, घसरगाडीवर दोन्ही यंत्रं घेऊन.

पहिलं घर दुकानदारणीचं. तिने फुलाफुलांच्या पडद्याची चिंधी दिली, खारा चहा ओतला आणि यंत्राकडे संशयाने पाहिलं.

"मी काही शिकवायला आले नाही," कलिपा म्हणाली. हे वाक्य तिला घशातून ओढून काढावं लागलं. "तुझी तूच जोड. ही तार इथे, ही तिथे. ओमुराली बघेल चुकतंय का ते. मी हात लावणार नाही."

"फुटलं तर?"

"फुटू दे."

दुकानदारणीने घाबरत जोडलं. काटा हलला तशी ती लहान पोरीसारखी किंचाळली. तिने व्होल्ट वाचले, अँपिअर वाचले, पिठाच्या हिशेबाच्या वहीत लिहिले आणि भागाकार केला. नवऱ्याने फोनवर गुणाकार केला. मग तिने भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला.

"एजे, पण मला पूर्वीपेक्षा थोडं तरी जास्तच मिळतंय की."

"मिळतंय. दोनशे वॅट. जा, दोघं ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन झाकणावर हात धरून या, किती दिवस मिळणार ते कळेल. लावू नका हं, नुसता धरा."

ती दोघं खरंच गेली. परत आल्यावर दुकानदारणीने कलिपाला आणखी एक पेला चहा ओतला.

तीन दिवस कलिपा फिरत होती. सगळीकडे गोडवा नव्हता. एका मेंढपाळाने चिंधी दिली आणि यंत्राला सैतानाचा डोळा म्हणून दार लावलं. एका म्हातारीने भागाकार करून उत्तर एकशे वीसच काढलं आणि त्यावर अडून बसली. कलिपाच्या जिभेवर नेमका टोमणा आला होता. तिने तो चहाबरोबर गिळला आणि म्हणाली, "पुन्हा करूया, आजीबाई." दोन घरांत पोरांची भांडणं झाली, काटा कुणी वाचायचा म्हणून. पाचव्या घरात अँपिअरमीटरची काच तडकली. काटा त्यानंतरही तसाच हलत होता.

चौथ्या दिवशी सकाळी एकोणचाळीस चिंध्या झाल्या, आणि दोरोनबेकच्या कचेरीपुढे तीसेक माणसं उभी राहिली. त्यांना आपापली कापलेली तार हवी होती.

"हुकूम मोडायला आलात?" दोरोनबेक दारात येऊन म्हणाला. "या बाईच्या नादाने?"

"हिच्या नादाने नाही," दुकानदारीण पुढे होऊन म्हणाली. "मी मोजलंय. माझी तार बारा आहे. तुझी मोजलीस का तू?"

"मला काय गरज? मी प्रमुख आहे."

"मग भितोस कशाला?" मुकाश अक्साकाल गर्दीतून म्हणाला. त्याला या वेळी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

दोरोनबेकने इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. आत टेबलावर यंत्रं मांडली, आणि बोकड जोडायला तो पुढे झाला. कलिपा भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात बाह्यांत घालून. त्याने चुकीच्या स्क्रूला तार लावली, काटा हललाच नाही. कुणीतरी खिदळलं.

"हसू नका," कलिपा म्हणाली. "पहिल्यांदाच करतोय तो."

दुसऱ्या खेपेला जमलं. त्याने काटे वाचले. समोर कागद दिसला तो हुकूम क्रमांक सातचाच होता. त्याने तो उलटा केला आणि पेन्सिलीने भागाकार मांडला. एकशे अठरा भागिले नऊ पूर्णांक आठ. त्याला बराच वेळ लागला. मग त्याने तसाच गुणाकार केला, त्याखाली रेघ ओढली आणि खिशातून किल्ली काढून ओमुरालीच्या हातात दिली.

दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं. कुणाचा तुकडा कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता, तरी त्यावरूनही दोन भांडणं झालीच. तुकडे नटबोल्टने जोडले गेले. मेंढपाळानेही शेजारणीच्या शिव्या खाऊन जोडला. कलिपाच्या भिंतीवरचा काटा एकशे तीस झाला, एकशे चाळीस झाला, आणि तीन वाजता एकशे चोपन्नवर येऊन थांबला. ट्रान्सफॉर्मरच्या झाकणावर पांढरा थर धरू लागला. खोली एकोणीसवर गेली, मग वीसवर. पोरीने डोळे उघडले, जांभई दिली आणि भुकेने एवढा गळा काढला की बेर्मेत रडता रडता हसली.

तोवर दुकानाच्या दारावर नवा कागद लागलाही होता. 'हुकूम क्रमांक आठ. गावप्रमुखांनी जातीने केलेल्या मोजणीनुसार खालच्या आळीतील सर्वांनी बोकडाची तार पूर्ण करावी.' शिक्का तोच, एवढा गोल. ज्याने आग लावली तोच पाणी आणल्याचं श्रेय घेणार, हे ठरलेलंच. कलिपाने तो वाचला आणि तिच्या ओठांवर चार-पाच वाक्यं तयार झाली. एकही न बोलता ती कचेरीत गेली, कारण चाळिसावी चिंधी राहिली होती.

दोरोनबेक एकटाच बसला होता. तडकलेल्या काचेचं यंत्र अजून टेबलावर होतं आणि त्याच्यापुढे तोच उलटा केलेला हुकूम, सगळा भागाकारांनी भरलेला. त्याने कचेरीतली किटली आणि दिवासुद्धा मोजला होता.

"एजे, चार एकदाही नाही आलं," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "मग ते चार यायचं कुठून?"

मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, पुस्तकात तसं होतं, अशी दोन-तीन उत्तरं कलिपाजवळ होती. ती खुर्चीवर बसली. गळ्यातली कपाटाची किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली.

"पहिल्या वर्षी मी एकदा मोजलं होतं," ती म्हणाली. "एकटीनेच, दार लावून. तीन पूर्णांक सात आलं होतं. चार लिहायला सोपं होतं."

दोरोनबेक हसला नाही. त्याने कात्री घेतली, खुंटीवरच्या जुन्या सदऱ्याचं टोक कापलं आणि चिंधी तिच्या हातात दिली.